क्रीम रोल कोणी खाल्ले?

अन्याय झाला अश्विनीवर. रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, मखमलाबादला, तिच्या सख्ख्या मामांच्या हॉलमध्ये. मी साक्षीदार आहे. 'मुलीची मैत्रीण' म्हणून मला सोफ्याच्या हातावर बसवलं होतं. पोहे आले. अश्विनीने पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, कुर्ता बोटभर वर केला आणि पाहुण्यांना म्हणाली, "ज्यांना भीती वाटते त्यांनी पंख्याकडे बघा." टोचलं, पेन ठेवलं आणि पोह्यांची बशी उचलली.

मामा घाईघाईने म्हणाले, "काय नाय, काय नाय, व्हिटॅमिनचं हाय ते."

"डायबेटीस आहे, मामा. तेराव्या वर्षापासून. व्हिटॅमिन लिंबात असतं. घ्या ना काका, लिंबू पिळून घ्या."

काका म्हणजे मुलाचे वडील. त्यांनी बशी खाली ठेवली. "आमच्या घराण्यात असलं काही नाही," म्हणाले आणि उठलेच. याच गृहस्थांनी दहा मिनिटांपूर्वी "मला बिनसाखरेचा, थोडी शुगर आहे" म्हणून स्वतःचा चहा वेगळा करून घेतला होता! पन्नाशीच्या पुरुषाला असते ती 'थोडी शुगर'. सव्वीस वर्षांच्या मुलीला डायबेटीस असला तर तो घराण्याला डाग. माझं डोकं फिरलं.

अश्विनीचं नाही. ती गाडीत बसून पोट धरून हसत होती. "पाचवं स्थळ! एका सुईत गार!"

ती गाडी शिकवायची. गंगापूर रोडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी तिची विद्यार्थिनी होते, आणि तिच्या मते स्कूलच्या इतिहासातली सर्वात वाईट. पहिल्याच दिवशी तिने मला सगळं दाखवलं. "हा क्लच. हा तुझा ब्रेक. हा माझा ब्रेक. आणि हा ग्लुकोजचा पुडा. मी शिव्या देतेय तोवर सगळं ठीक आहे. मी गप्प बसले किंवा 'छान चालवतेस' म्हणाले, तर माझी साखर उतरली समजायचं. गाडी बाजूला घ्यायची आणि हा पुडा माझ्या तोंडात रिकामा करायचा."

प्रत्येक क्लासआधी ती बोट टोचून साखर बघायची. कमी निघाली तर आम्ही बाहेर ताटकळायचो. "आधी माझी टाकी, मग गाडीची." द्वारका चौकात एकदा ती खरंच गप्प झाली. मी घाबरून गाडी तिथेच थांबवली, मागून पन्नास हॉर्न, मी पुडा फाडतेय. तशी ओरडली, "अगं ए बाई, समोर ट्रक होता! देवाचं नाव घेत होते मी!"

ती कोणालाही सांगायची. चहावाल्याला, आरटीओतल्या साहेबांना, सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षातल्या अनोळखी बाईला. "पडले तर उचलणाऱ्याला माहीत नको का, काय उचलतोय ते?"

फक्त सागरला सांगितलं नव्हतं.

सागरची देवळाली कॅम्पात बेकरी. दर गुरुवारी तो स्कूलच्या दारात क्रीम रोलचा डबा घेऊन उभा असायचा. अश्विनी लाजून डबा घ्यायची, "घरी निवांत खाईन" म्हणायची आणि तो वळला की डबा आमच्यात फिरायचा. चार महिन्यांत आमच्या बॅचला धड रिव्हर्स जमला नाही, पण सगळ्यांचे गाल वर आले. तसं तिला क्रीम रोल वर्ज्य नव्हता. डोस मोजून घेतला की चालायचा. पण मग सागरसमोर पेन काढावं लागलं असतं.

मखमलाबादच्या आधी एकदा आम्ही तिघं मिसळ खायला गेलो, तेव्हा ती मला संडासात सापडली. एका पायाने दार दाबून उभी, हातात पेन.

"तू? इथे? पाहुण्यांसमोर हॉलमध्ये टोचतेस आणि इथे लपून?"

"ते लोक नाही म्हणाले तर मी घरी जाऊन झोपते," ती म्हणाली. "हा नाही म्हणाला तर काय करू, ते सांग ना, पत्रकवाले."

मला फक्त पत्रक लिहिता येतं, कुठे अन्याय दिसला की. मखमलाबादहून परतल्यावर तेच केलं. तिचं नाव, वेळ, काकांचा बिनसाखरेचा चहा, सगळं लिहिलं आणि फोनमधल्या एकूण एक ग्रुपवर टाकलं. आमच्या बॅचच्या ग्रुपवरही. त्या ग्रुपवर सागर होता. कोणाच्या तरी वाढदिवसाच्या केकसाठी त्याला घेतला होता, काढायचा राहिला होता.

म्हणजे अश्विनीवर दुसरा अन्याय झाला त्याच रविवारी, दुपारी चार वाजता. करणारी मी.

संध्याकाळी तिचा फोन आला. "छान लिहिलंयस," ती म्हणाली. मी विचारलं, "साखर बघितलीस?"

"साखर उत्तम आहे. त्याला सांगायचं एक वाक्य चार महिने घोटत होते मी. वाईट झालं असतं तरी माझ्या तोंडून झालं असतं. तू ते वाटून टाकलंस. वर उद्गारचिन्हं लावून."

पुढचा गुरुवार कोरडा गेला. त्याच्या पुढचाही. अश्विनी शिकवत राहिली, पण शिव्या नुसत्या नियमापुरत्या द्यायची. तिसऱ्या गुरुवारी सागर आला, रिकाम्या हाताने. आधी आमच्याकडे बघून म्हणाला, "चार महिने माझे क्रीम रोल कोणी खाल्ले?"

अख्ख्या बॅचने माना खाली घातल्या.

"आणि तू?" त्याने तिला विचारलं. "जगाला माहीत. तुझ्या रिक्षावाल्यांना माहीत. मला ग्रुपवर वाचावं लागलं. मी काय पाहुणा होतो?"

"पाहुणा असतास तर पहिल्या दिवशीच सांगितलं असतं," ती म्हणाली.

तो गाडीच्या बॉनेटला टेकला. मग म्हणाला, "टोचतात कसं ते दाखव. मला यायला पाहिजे."

"आधी हात धू. कोपरापर्यंत मैदा आहे."

आता तिने देवळाली कॅम्पात स्वतःचं स्कूल काढलंय. माझ्याशी बोलायला तिला आणखी महिना लागला, तेही मी आरटीओत नापास झाले म्हणून, हसायला. हे लिहिण्याआधी या वेळी मी विचारलं. म्हणाली, "लिही. पण वाटायच्या आधी मला दाखव." दाखवलं. तीन वाक्यं तिने खोडली. ती इथे नाहीत.

आता तुमच्याकडे वळते. कोणाचा आजार तुम्ही परस्पर तिसऱ्याला सांगितलाय? काळजीने, प्रेमाने, त्याच्याच भल्यासाठी? नाव आठवलं असेलच. आज त्या माणसाला फोन लावा. "तुझं मी सांगितलं, तुला न विचारता," एवढं कबूल करा. कारण देऊ नका. मग तो जे बोलेल ते तोंड बंद ठेवून शेवटपर्यंत ऐका.