वयाचा रकाना

चार बायका एका बाकावर तासभर बसल्या की किस्से आपोआप साठतात, आणि आमच्या बाकावर तर सकाळी आठपासून बायका बसलेल्या असतात. कोल्हापुरातल्या एका आयव्हीएफ सेंटरमध्ये मी बारा वर्षं कौन्सिलिंग करते. म्हणजे फॉर्म भरून घेते, डॉक्टरमॅडम भराभर बोलून गेल्या की तेच पुन्हा सावकाश सांगते, आणि कुणी रडलं तर पाणी देते. हसण्यासारखं इथं फार काही नसतं. जे काही असतं, ते फॉर्मवरच्या एकाच रकान्याभोवती फिरतं. वय.

*

तो रकाना खरा भरणारी बाई विरळाच. लग्नाच्या वेळी बायोडेटात तीन-चार वर्षं कमी केलेली असतात, तीच सासरी पुढं चालतात. एक बाई नवऱ्याशेजारी बसून खालमानेनं "छत्तीस" म्हणाली आणि आधार कार्ड पालथं घालून ठेवलं. मी नवऱ्याला त्याच्या कार्डाची झेरॉक्स आणायला पिटाळलं.

तो दाराबाहेर गेल्यावर ती म्हणाली, "चाळीस हाय. पर त्यास्नी कळू देऊ नका मॅडम, बारा वर्सं झाली लग्नाला."

मग ती सोनोग्राफीला आत गेली आणि नवरा झेरॉक्स घेऊन आला. इकडंतिकडं बघत म्हणाला, "चाळीस हाय ती. मला म्हाईत हाय. पर मला म्हाईत हाय, ते तिला सांगू नका."

मी दोघांचंही ऐकलं. अजून ऐकतेच आहे.

*

काहींना तर स्वतःलाच वय ठाऊक नसतं. आमच्या निम्म्या पेशंटांचा वाढदिवस एक जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख. जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान चालवणारी एक बाई सांगत होती, "मी उंच दिसत होते, म्हणून गुरुजींनी दोन वर्सं जादा लावली. मग आता कागदावरचं धरायचं का आईनं सांगितलेलं?"

कागदावर एक्केचाळीस, आईच्या हिशेबानं एकोणचाळीस. मी आमच्या लॅबमधल्या सरांना विचारलं. मायक्रोस्कोपमधून डोकं वर न काढता ते म्हणाले, "अंड्यांनी आधार कार्ड काढलेलं नसतं."

*

शोभाताई मात्र पहिल्या दिवशी "बेचाळीस" असं सरळ बोलल्या. कुरुंदवाडच्या. नवरा हायस्कुलात शिक्षक, त्याला रजा मिळायची नाही, म्हणून सोबत सासू. आक्काताई. मांडीवर भाकरीची कापडी पिशवी, ती कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत, सुनेच्या तर नाहीच. सुनेशी बोलायचं ते माझ्यामार्फत. "तिला इचारा, गोळी घेतली का." सून दोन हात अंतर ठेवून बसलेली असायची.

खरं सांगते, मला त्या म्हातारीचा राग यायचा.

*

पहिल्या खेपेला शोभाताईंची पाच अंडी मिळाली. दोन गर्भ तयार झाले. तपासणीत दोन्हींचा रिपोर्ट वाईट आला. एकात एक गुणसूत्र जास्त, दुसऱ्यात एक कमी. असा गर्भ रुजतच नाही, रुजला तरी बहुतेक वेळा टिकत नाही. मॅडम सांगून गेल्या आणि शोभाताई म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असणार."

मग मी माझं नेहमीचं वाकळेचं, म्हणजे गोधडीचं, उदाहरण काढलं. म्हटलं, मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिची सगळी अंडी तयार होतात. त्या प्रत्येकात गुणसूत्रांच्या जोड्या असतात, बारीक दोऱ्यानं टाचल्यासारख्या. अंडं पिकेपर्यंत तो दोरा टिकला पाहिजे आणि नेमक्या वेळी सुटला पाहिजे, म्हणजे जोडीतलं एक इकडं, एक तिकडं नीट जातं. वाकळेचं कापड चांगलं असलं तरी दोरा जुना झाला की आधीच उसवतो. मग वाटणी चुकते.

"मग नवा दोरा घाला की," आक्काताई म्हणाल्या.

"तो एकदाच घातलेला असतो आक्का. हिच्या जन्माच्या आधी."

"म्हंजी खाण्यापिण्यानं न्हाई झालं?"

"नाही."

"ही बी शाळेत मास्तरीण हुती, उभं ऱ्हाऊन शिकवायची, त्यानं?"

"नाही."

"मग कशानं?"

"नुसतं थांबल्यानं," मी म्हटलं.

आक्काताईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. त्या दिवशी भाकरी न खाताच दोघी एसटीला गेल्या.

*

मॅडमनी ठरवलं, स्वतःच्या अंड्यांवर अजून एकच प्रयत्न. नाही जमलं तर दुसऱ्या बाईचं अंडं घ्यायचं, किंवा थांबायचं. शोभाताईंना आपलंच मूल हवं होतं आणि हातात ही एक खेप उरली होती. चार महिन्यांनी दोघी आल्या. मधे शोभाताईंचा वाढदिवस होऊन गेला होता.

मी नवा फॉर्म पुढं ओढला. "वय?"

"त्रेचाळीस," शोभाताई म्हणाल्या.

"चौतीस लिवा," आक्काताई म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, ही पण त्यातलीच. म्हटलं, "आक्का, वय कमी सांगून अंड्याला काही फरक पडत नाही."

"कमी न्हाई सांगत." म्हातारी माझ्याकडं बघत नव्हती, पहिल्यांदाच सुनेकडं बघून बोलत होती. "माझ्या दोन्ही पोरी उजवूस्तवर पाळणा नगं, असं मीच म्हणलंतं. मग हिच्या सासऱ्यास्नी लकवा झाला, तवाबी मीच म्हणलं, आत्ता नगं. ही कदी उलटून बोलली न्हाई. ती नऊ वर्सं हिची न्हाईत. माझ्या वयात घाला."



शोभाताईंनी माझ्या हातातून पेन घेतलं. रकान्यात स्वतःच ४३ लिहिलं. मग सासूच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली, आणि आक्काताईंनी ती घेऊ दिली.