शिट्टी वाजवणारी खिडकी

नवी खिडकी बसवली की भिंत आणि चौकट यांच्यामध्ये बोटभर फट राहते. ती बुजवायची, आणि तिथे कधी फट होती हे घरमालकाला कळूही नये अशी साफ करायची, एवढंच काम ते नवरा-बायको आयुष्यभर करत आले. तो डब्यातून फोम मारायचा आणि फुगून वाळला की चाकूने कापायचा. मग ती फटीच्या दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावून मध्ये दाबायच्या बंदुकीने सीलंटचा चिकट लगदा भरायची, आणि ओलं बोट वरून खालपर्यंत एका दमात फिरवायची. साइटवर त्याला सगळे मिस्त्री म्हणत आणि तिला वहिनी. मिस्त्रीचं तोंड दिवसभर चालू. आमच्या हिचं बोट फिरलं की भिंतसुद्धा गप्प बसते, तिथे माझी काय कथा, हे प्रत्येक नव्या गवंड्याला तो ऐकवायचाच. वहिनीला तो विनोद पाठ होता, तरी ती दरवेळी हसायची.

तो पडला तो एका रिकाम्या बंगल्यात. वहिनी शेजारच्या खोलीत होती. त्याची बडबड थांबली हे तिच्या लक्षात आलं नाही. लक्षात आली ती फोमची फुसफुस, कारण ती थांबतच नव्हती. जाऊन पाहते तर मिस्त्री खिडकीखाली आडवा, तोंड वाकडं झालेलं, उजवा हात डब्यासकट अंगाखाली दबलेला आणि त्या हाताभोवती पिवळट फेस फुगत चाललेला. पक्षाघाताचा झटका होता; दवाखान्यात जिवावरचं निभावलं. मग एक नर्स त्याच्या हातावरचा वाळलेला फोम थोडा थोडा सोलत बसायची. सोबत कातडीही निघायची. मिस्त्री टकमक बघत राहायचा. त्या हाताला काहीच जाणवत नव्हतं, तो लुळा पडला होता.

घरी आणल्यावर त्याची खाट खिडकीपाशी टाकली. वहिनी एकटीनेच कामाला जाऊ लागली. फोमही तीच मारायची, बोटही तीच फिरवायची. शेजारचा सुतार तिच्याच साइटवर दारं बसवायचा. जाता-येता तो तिची शिडी उचलायचा. मिस्त्रीची वाचा अडखळत, हळूहळू परत आली, आणि आली तीच तक्रार घेऊन. या खिडकीतून वारा शिट्टी मारतो, म्हणाला, डोळ्याला डोळा लागत नाही.

वहिनीला ते पटलं. लोकांच्या खिडक्या करता करता घरची खिडकी तशीच राहिली होती. सुट्टीच्या दिवशी तिने जुना पोपडा खरवडला, धूळ झटकली, फोम भरला, वरून सुबक रेघ ओढली. मिस्त्री कान देऊन पडला होता. शिट्टी येतेच आहे, म्हणाला. तिने काडी पेटवून चौकटीच्या कडेकडेने फिरवली. ज्योत जरासुद्धा हलली नाही. काडीचं मला सांगू नकोस, तो म्हणाला, वरचा कोपरा पुन्हा कर. तिने केला. मग खालचा.

औषधं बदलायला गेली तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंना सहज विचारलं. त्यांनी सांगितलं की आवाज बाहेर नाही, कानामागच्या नसांचा आहे. अशा झटक्यानंतर काहींना होतो. कमी झाला तर झाला, नाहीतर सोबत राहील. घरी येताना वहिनीने ठरवलं होतं की सांगून टाकायचं. पण दारातून पाऊल आत पडतं न पडतं तोच मिस्त्री म्हणाला की त्याला चूक सापडली आहे, चौकटीच्या मागे पोकळी राहिली असणार. त्याचा चेहरा पूर्वीसारखा दिसत होता, कामावर असतानाचा. तिने पिशवी ठेवली आणि चाकू घेतला.

मग ते नेमाचंच झालं. दर सुट्टीला ती फट उकरायची आणि पुन्हा बुजवायची. तो पडल्या पडल्या हुकूम सोडायचा, डाव्या हाताने जागा दाखवायचा, चुकलं की खेकसायचा. उकरून उकरून भिंतीची कड ढासळू लागली. वहिनीच्या बोटाची साल निघाली. बाहेर दिवसभर हेच काम आणि घरी पुन्हा तेच. ती मेटाकुटीला आली होती.

एका सुट्टीला सुतार चौकशीला आला. मिस्त्रीने खिडकीकडे हनुवटी उडवली आणि त्याच्या देखत म्हणाला, "बघ, साधी एक फट बुजत नाही. काम सगळं माझं होतं. ही आपली मागून बोट फिरवायची."

सुताराने मान खाली घातली. वहिनीने चाकू खाली ठेवला.

"फट खिडकीत नाहीच," ती म्हणाली. "तुमच्या डोक्यात आहे. डॉक्टरीणबाईंनी मला केव्हाच सांगितलंय."

"केव्हा?"

"ती चौकटीमागची पोकळी भरली, त्याच दिवशी."

मिस्त्रीने तिच्याकडे मान वळवली. "मग हे सगळं कशाला केलंस?"

तिने चाकू उचलून पिशवीत टाकला. सुतार चहा न घेताच उठून गेला.

त्या दिवसानंतर मिस्त्रीने शिट्टीचं नाव काढलं नाही. खिडकीचंही नाही. तिने आपणहून विचारलं, कोपरा बघू का, तर म्हणाला, राहू दे. हाताला दिलेला व्यायामही त्याने सोडला. ती घास भरवायची, तो गिळायचा आणि भिंतीकडे कूस वळवायचा. खेकसला असता तरी बरं, असं तिला वाटायचं. ते बोलले नसते तर, हा विचार तर तिला कुठेच सोडत नव्हता.

थंडीच्या दिवसांत त्याला दुसरा झटका आला. मिस्त्रीची बहीण त्याच्यापाशी बसलेली होती. वहिनी साइटवर एका मोठ्या खिडकीवर होती, सगळी रेघ भरून नुकतंच बोट फिरवलेलं. निरोप सुताराच्या फोनवर आला. तो शिडीपाशी येऊन उभा राहिला, आणि त्याच्या उभं राहण्यावरूनच तिला कळलं.

"गेले?" तिने विचारलं.

"हो, वहिनी. चला."

चिकटपट्टी सीलंट ओलं असतानाच ओढावी लागते. वाळलं की पट्टीबरोबर रेघही फाटून येते. वहिनी शिडीवरून लगेच उतरली नाही. तिने वरच्या कोपऱ्यातून पट्टीचं टोक नखाने उचललं आणि सावकाश ओढत खालपर्यंत आणली. मग दुसरी बाजू. मग उतरून खालची, गुडघ्यावर बसून. सुतार पुन्हा "चला" म्हणाला नाही. तिने पट्ट्यांचा गोळा करून कचऱ्यात टाकला, बंदुकीचं तोंड पुसलं, हात धुतले आणि निघाली.

घरी नणंदेने सगळ्यांसमोर विचारलं की निरोप मिळाल्यावर इतका उशीर कसा. वहिनी म्हणाली, काम हातात होतं. ते वाक्य नातेवाइकांत घरोघरी गेलं. नवरा मेल्याचं कळलं तरी बाई खिडकी पुरी करूनच आली, असं लोक बोलायचे. सुताराच्या कानावरही ते आलं. आपण तिथे होतो हे तो कुणाला सांगत नसे, कारण ती का थांबली असं कुणी विचारलं तर काय सांगावं हे त्यालाही उमगत नव्हतं.

वहिनी त्यानंतरही कामाला जात राहिली. नणंदेने बोलणं टाकलं ते टाकलंच.