बुकमार्कची पट्टी आणि भासरे

आमच्या घरी सुना भासऱ्याशी बोलत नाहीत. नवऱ्याचा मोठा भाऊ समोर आला की पदर घ्यायचा अन् बाजूले व्हायचं. काही सांगायचं असलं तर सासूच्या तोंडून. लग्नाले सतरा वर्षं झाली, एक शब्द नाही. आग लागो त्या रिवाजाले.

कामरगावात घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. पाटीवर नाव नवऱ्याचं, खुर्चीवर मी. सरकारी वेबसाइट म्हणजे डोक्याले ताप. पहिल्या पानावर हार घातलेल्यांचे फोटो, अन् अर्जाचं पान कुठं तरी सात दारं आत. एकेक पान हुडकून मी बुकमार्क केलं होतं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर, आमच्याच बोलीतल्या नावानं: सातबारा, दाखला, अडकलेला अर्ज, पोरींचं हॉस्टेल. गिऱ्हाईक बाकावर टेकेपर्यंत पान उघडलेलं असे. पाच वर्षांची मेहनत होती ती, कोणी आयती आणून दिली नव्हती.

खंडेनवमीले आमी घरातली अवजारं पुजतो. विळे, कुऱ्हाडी, शिलाई मशीन, अन् आता कॉम्प्युटर. भासरे ऑफिसात बाबू होते, रिटायर झाले, त्यामुळं कॉम्प्युटर आपल्यालेच येते असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तो बाहेरून पुसला. तिथंच थांबायचं न! पूजेसाठी म्हणून आतूनही साफ केला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान उघडलं अन् टेलरचाचांची पोरगी आली. बारावीले चांगले मार्क, अकोल्याच्या कॉलेजात नंबर लागलेला. हॉस्टेल मिळालं तर जायचं, नाही तर घरी, असं बापानं साफ सांगितलं होतं. उत्पन्नाचा दाखला त्याच सकाळी हाती पडला, अन् अर्जाची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत.

"बस वं, पाच मिनटं," मी म्हटलं अन् ब्राउझर उघडला. पट्टी कोरी. एक नाव नाही.

माझं डोस्कंच फिरलं. "आत्याबाई, माह्या मशीनले कोणं हात लावला?"

सासू आतूनच बोलली, "त्यानं साफ केली न वं पूजेसाठी. कचरा लय झाला होता म्हणे."

कचरा! भासरे ओट्यावर पेपर वाचत बसले होते, माझ्यापासून चार हातांवर. मी सासूले ऐकवलं ते त्यांच्यासाठीच होतं: "दुसऱ्याच्या कामात काहून हात घालते कोणी?" त्यांनी पेपरचं पान उलटलं.

मग शोधत बसली. भलत्याच साइटा निघाल्या. एक तर हुबेहूब सरकारी, पोरीचा आधार नंबर मागत होती, वेळीच हात आवरला. खरी साइट सापडली तर आतलं पान सापडेना. हेल्पलाइन कोणी उचलेना. "भाभी, हो जाएगा ना?" पोरगी विचारून राह्यली होती. मी हो हो म्हणत होती अन् मनातल्या मनात भासऱ्याचा उद्धार करत होती. पाच वाजले.

मग उठली. पदर राहू दिला खांद्यावरच, अन् ओट्यावर जाऊन उभी राहिली. "दादा, माहे बुकमार्क कायले फेकले तुमी?"

पेपर खाली आला.

"फेकले नाही. सारे पेनड्राइव्हमधे घेऊन ठेवले. तो पूजेत मांडला होता, देवघरात असन, झेंडूखाली. आईजवळ सांगतलं होतं मी. तुले समजलं नाही का?"

"मले नाही राह्यलं ते ध्यानात," सासू म्हणाली.

देवघर माझ्या खुर्चीपासून बारा पावलांवर. पेनड्राइव्हले हळदकुंकू लागलेलं होतं. पुसून लावला, दोन मिनिटांत सगळी पट्टी जशीच्या तशी. पोरींचं हॉस्टेल दाबलं. मुदत संपली आहे, असं लिहून आलं.

पोरीनं कागद पिशवीत भरले. रडली नाही. एवढंच म्हणाली, "भाभी, उनसे पहले क्यों नहीं पूछा?"

भासऱ्यांवर राग होता, सासूवर होता, त्या साइटवर तर अजून आहे. पण पाच वाजेपर्यंत तो रिवाज सांभाळत मीच बसली होती, दुसरं कोणी नाही. आता भासऱ्यांशी मी तोंडावर बोलते, सासू कितीही नाक मुरडो. पोरगी यंदा बापाच्या दुकानात काज-बटन करते. समोरून जाताना अजूनही भाभी म्हणून हाक मारते, अन् मले ओ द्यायची लाज वाटते.