मिलानच्या घरचा दिवा

चौसाळ्याच्या बाजारात होतो, तेव्हा नांदूरघाटच्या एकानं सांगितलं, "तुमचा दोस्त, टोपवाला दगडू, गेला की वो पहाटं." हातातली भाजी तिथंच टाकली अन् चालू लागलो. वाटभर त्याला शिव्याच घालत होतो. अरे गाढवा, पुढचा नंबर माझा होता, मधे घुसायला तुला कुणी सांगितलं? डोळ्यांना धार लागलेली, पण तोंड काही थांबेना.

'टोपवाला' का, ते सांगतो. चौदा सालच्या मोठ्या लढाईच्या काळात दगडू घोडी विकायला इंग्रजी हद्दीत, नगरला गेला अन् खेचरांच्या पलटणीत भरती होऊन बसला. बोटीनं थेट ग्रीस देशात, सलोनिकीच्या डोंगरात. तिथं त्याची खेचरं सर्बियाच्या फौजेला दाणागोटा पोचवायची. त्या फौजेचा सगळा मुलूख शत्रूनं घेतलेला. परक्याच्या डोंगरात बसून ती आपलं घर परत मिळवायला लढत होती. त्यातला मिलान नावाचा शिपाई याचा जीवलग झाला. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. पण मिलाननं लढाईतल्या लोखंडी टोपावर कातडं ताणून, दांडी बसवून, घोड्याच्या शेपटीच्या केसांची एकच तार लावलेली. गुस्ले म्हणतात त्या वाद्याला. वाजवायचा गजही केसांचाच. घोड्याचे केस म्हटल्यावर आमच्या दगडूला दुभाषा कशाला लागतोय! लढाई सरली, दगडू ते गुस्ले घेऊन परत आला. मिलान नाही आला.

गाव म्हणालं, पातेल्याला शेपूट लावून आणलंय. अन् पहिल्याच आठवड्यात त्याच्या बायकोनं, गयावहिनींनी घात केला. केस कोरडे पडलेले बघून त्या माउलीनं तार अन् गज दोन्ही तिळाच्या तेलानं चोपडले. गज फिरतोय, पण आवाज निघेल तर शपथ! दगडू डोकं धरून बसला. "अगं, राळ लावत्यात त्याला, तेल न्हाई!" वहिनी कसल्या ऐकतात... "केसाला तेल न्हाई लावायचं तर काय राख फासायची?" शेवटी रिठ्यानं धुऊन केस उन्हात वाळत घातले, तेव्हा कुठं गुस्लेचा गळा मोकळा झाला.

मी जातीचा गोंधळी. आमचं गाणं म्हणजे देवीचा जयजयकार, संबळाचा दणका. अन् हा गायचा हरलेल्या लढाईचं! कोसोवोच्या रानात शेकडो वर्षांमागं त्यांचा राजा पडला, अन् तिकडचे आंधळे गवई पिढ्यान् पिढ्या तेच गात आले म्हणे. दगडूला शब्द धड येत नव्हते. अर्धे त्यांचे, अर्धे आपले. मला चीड यायची. "कावून बे, हरल्याचं कुणी गातंय व्हय?" तो म्हणाला, "जिकल्यावर राज्य मिळतंय. हरल्यावर गाणंच ऱ्हातंय हाताशी." मी आपला तंबाखू मळत बसलो.

सर्बियात दर घराण्याचा एक संत असतो, आपल्या कुळदैवतासारखा. वर्षातून एकदा त्याचा दिवस येतो. दिवा लावायचा, गोड शिजवलेला गहू गेलेल्यांच्या नावानं ठेवायचा, गुस्लेवर गायचं. बाप तो दिवस पोराला देतो. मिलानच्या घरात कुणी उरलंच नव्हतं, म्हणून मरताना त्यानं तो दगडूला दिला. आमच्या नांदूरघाटच्या घोडेवाल्याला! तिकडची तारीख पंचांगात सापडेना, तेव्हा यानं मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, म्हणजे शेतात पूजा करतो ती आमची येळवस, तिचा दुसरा दिवस धरला. लोक हसायचे, "दैवत त्याचं अन् गहू तुझा!" पण गहू खायला पहिले तेच हजर. गाण्याच्या शेवटी दगडू वाटीवर हात ठेवून म्हणायचा, "मिलान, माझ्या घरचा."

कार्तिकात शेवटचा भेटलो तेव्हा अंथरुणावर होता. पोटी पोर नाही. म्हणाला, "दिवस तुला देतो." मी उखडलो. "संबळ बडवणारा हात हाय हा! मला ते गज ओढणं जमत न्हाई, अन् तुला मरायची एवढी घाई कावून बे?" तो हसला, खोकला... "सूर चुकला तरी चालंल. दिवस चुकवू नको."

काल तो दिवस होता, दगडू गेल्यावरचा पहिला. लई भीती घेऊन गेलो. मला जमलं नसतं अन् मी तसाच उठलो असतो, तर त्या परमुलखातल्या घराचा दिवा आमच्या मुलखात विझला असता. वहिनींनी दिवा लावला होता, गहू शिजवला होता. खुंटीवरचं गुस्ले काढून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. "तेल न्हाई लावलं, भावजी."

गज ओढला. कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज. वहिनी हसल्या, अन् हसता हसता पदर तोंडाला लावून रडू लागल्या. मी थांबलो नाही. येईल तसं गायलो, अर्धं त्यांचं, अर्धं आपलं. शेवटी वाटीवर हात ठेवून मिलानचं नाव घेतलं अन् उठणार, तोच वहिनींनी गव्हाची दुसरी वाटी पुढं सरकवली.

"आता ह्येंचं घ्या."

नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. मी घेतलं.

"दगडू... मिलानच्या घरचा."