घरघर कुठून येते?

खिडक्यांच्या ॲल्युमिनियम चौकटी बनवणारी ती बाई गल्लीत ‘फ्रेमवाली’ म्हणूनच ओळखली जायची. दुकान तिचंच. हात चालायचा तसं तोंडही चालायचं, आणि ‘का?’ विचारल्याशिवाय तिला घास उतरायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, “हिला देव भेटला तर आधी त्यालाच उलटतपासणीला उभं करील!”

एकदा शेजारच्या इमारतीतले वायरलेसकाका दुकानात आले. आयुष्यभर जहाजावर वायरलेस सांभाळून आता निवृत्त झालेले. त्यांना अँटेना करून हवी होती: दोन लांब दांडे आणि त्यांवर दोन्ही बाजूंना नळ्या, मागे लांब, पुढे आखूड होत गेलेल्या. माशाचा सांगाडाच जणू.

“काका, सगळ्या सारख्या मापाच्या का नकोत? माझं कापायचं काम तरी वाचेल.”

“लांब नळी जाड आवाजाची, आखूड नळी बारीक आवाजाची, असं समज. लहरी लहानमोठ्या असतात. जी लहर येईल, तिच्या मापाची नळी ती झेलते. म्हणून ही एकटी पुष्कळ स्टेशनं ऐकते.”

“आणि तोंड कुठे?”

“आखूड टोकाकडे. तिकडचं नीट ऐकते, पाठीमागचं कानाआड करते.”

“म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखी,” ती म्हणाली आणि करवत सुरू केली.

तिचा नवरा रुग्णवाहिका चालवायचा. तो त्या दिवसांत वैतागलेला होता. गाडी आपल्या भागात शिरली की वायरलेसवर अशी घरघर सुरू व्हायची की नियंत्रण कक्षानं सांगितलेला पेशंटचा पत्ताच कळायचा नाही. एकदा तर तो भलत्याच रस्त्याला गेला होता. पेशंट वाचला, पण नवऱ्याची झोप उडाली. गाडीतला सेट बदलूनही उपयोग झाला नाही.

अँटेना तयार झाली तशी ती काकांना म्हणाली, “हिनं घरघर कुठून येते ते शोधता येईल?”

काकांचे डोळे चमकले. “प्रयत्न करू.”

रविवारी सकाळी दोघं दुकानाच्या गच्चीवर चढली. रिसीव्हर काकांच्या गळ्यात, अँटेना तिच्या हातात. ती हळूहळू वळू लागली. घरघर वाढली, कमी झाली, पुन्हा वाढली. जिथे सर्वांत जास्त, ती दिशा तिनं गच्चीवर खडूनं रेघ मारून धरली. रेघ कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीकडे जात होती.

“तिथलीच मोटर असणार! मी म्हणतच होते.”

“थांब. एक रेघ म्हणजे फक्त संशय,” काका म्हणाले. “दुसरीकडून बघू.”

शाळेच्या मैदानातून पुन्हा फिरवली. यावेळी अँटेनेनं गिरणीकडे तोंडही केलं नाही. काकांनी नकाशावर दोन्ही रेघा ओढल्या. त्या जिथे भेटल्या ते घर बघून फ्रेमवालीनं नकाशा काकांच्या हातातून ओढून घेतला.

“अगं बाई! हे तर आमचंच!”

घराच्या गच्चीवर सासूबाईंच्या टीव्हीची अँटेना होती आणि तिच्या खांबाला सिग्नल वाढवणारा बूस्टर. झाकण तडकलेलं, आत पाणी गेलेलं. काका म्हणाले, “हा स्वतःच ओरडत सुटलाय.”

नवरा खाली गाडीत वायरलेस लावून बसला. तिनं बूस्टरची पिन काढली.

“गेली!” तो रस्त्यावरूनच ओरडला. “अगं, गेली! पुन्हा लाव बघू!” तिनं लावली. “आली!” चारदा तरी दोघांनी तो खेळ केला. गल्ली बघत राहिली.

घरात मात्र तोफ धडाडली. “माझी मालिका ऐन रंगात होती! सून असून माझ्याच टीव्हीवर उठलीस?”

“आई, तुमच्या टीव्हीपायी ह्यांना पत्ता ऐकू येत नव्हता हो.”

सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या, “मग तो बूस्टर ठेवलास कुठे? फेकून दे आधी.”

काकांच्या मदतीनं फ्रेमवालीनं त्यांना नवी अँटेना केली. तिला बूस्टर लागलाच नाही. नवऱ्याच्या गाडीतले पत्ते आता खणखणीत येतात. आणि सुट्टीच्या दिवशी ती काकांबरोबर टेकडीवर जाते. परवा तिनं एका वैमानिकाला वाऱ्याची चौकशी करताना ऐकलं, आणि विमान दिसेनासं होईपर्यंत ती अँटेना घेऊन त्याच्या मागे वळत राहिली.