मीठ बरोबर आहे

फोन आला तेव्हा मी आधी त्या बाईंवर विश्वासच ठेवला नाही. रविवारी सकाळी अनोळखी बाईचा फोन म्हणजे काहीतरी गळ्यात मारायला असणार, असं मी धरूनच चालतो. त्या विचारत होत्या, "तुम्ही सुनंदा यांचे मिस्टर का?" आणि मी उलट त्यांनाच नाव, हुद्दा, कुठून बोलता ते विचारत होतो. त्या हॉस्पिटलमधून बोलत होत्या. इथे ऑकलंडला अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मेथीच्या जुड्या निवडता निवडता माझी बायको कोसळली होती... मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मेंदूत रक्तस्राव, म्हणाले. त्याला आता सहा आठवडे झाले. साधी डोकेदुखीची गोळीही न घेणारी बाई अशी पटकन जाते आणि बायपास झालेला मी मागे उरतो, हे मला अजून पटत नाही. कुठेतरी काहीतरी गडबड आहे असंच वाटत राहतं.

संशय हा माझा स्वभावच. पेनरोजच्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघायचो, तेव्हा खडखडणाऱ्या मशीनपेक्षा गप्प चालणाऱ्या मशीनची मला जास्त धास्ती असायची. "देवाने प्रसाद दिला तरी हे आधी वास घेतील," असं सुनंदा पाहुण्यांसमोर म्हणायची. माझी साठीशांत इथेच ऑकलंडच्या घरात झाली. होमाच्या धुराने स्मोक अलार्म कोकलायला लागला आणि गुरुजी त्याच्यावर आवाज चढवून मंत्र म्हणत राहिले. त्यानंतर काही महिन्यांतच माझं हृदय उघडावं लागलं. म्हणून २००६ साली सुनंदाच्या साठीचा विषय निघाला तेव्हा ती म्हणाली, "तुमची शांत केली, काय उपयोग झाला? मी आता वर्षभर अशांतच करणार. ज्याची ज्याची भीती वाटते ते एकेक करून बघणार." मी हसलो, पण मनात म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

एके दिवशी कामावरून बसने आलो तर दारातल्या गाडीची सीट पुढे ओढलेली आणि आरसा भलतीकडे वळलेला. शेजारची लिन तिला गाडी शिकवत होती. मग दोरीवर पोहायचे टॉग्ज वाळताना दिसले. चौपाटीवर घोट्याच्या वर पाणी आलं की किंचाळणारी ही बाई! मग तिने लॉन कापायचं मशीन ओढून सुरू करून दाखवलं, बँकेत एकटी जाऊन आली, ख्राइस्टचर्चला मुग्धाकडे, आमच्या लेकीकडे, एकटीच विमानाने गेली. मी मनातल्या मनात सगळं जोडत होतो. यातलं प्रत्येक काम एरवी माझं होतं. त्यात मुग्धाशी फोनवर कुजबुज चालायची, आणि मी खोलीत शिरलो की एकदम मोठ्याने, "तिकडे कोबी कशी मिळते गं?" पस्तीस वर्षं संसार केलेली बाई साठीला पंख फुटल्यासारखी वागते, म्हणजे उडायचंच असणार. मी भ्यायलो होतो. रागावलोही होतो, पण जास्त भ्यायलो होतो.

त्यातच गुरुवार आला. गुरुवारी संध्याकाळी तिचं पोहणं असायचं, म्हणून त्या दिवशीचा स्वयंपाक माझा, असं तिने परस्पर ठरवून टाकलं. मला येत होती ती फक्त मुगाची खिचडी, तीही तिने दोनदा दाखवल्यावर. मला वाटलं, सोडून जायच्या आधी कुत्र्याला दुसऱ्याच्या हातचं खायची सवय लावतात, तशातलंच हे! ती ओल्या केसांनी यायची, अंगाला पूलच्या पाण्याचा वास असायचा. पानात डाव्या बाजूला मीठ वाढून घेतल्याशिवाय एरवी ती जेवायला बसत नसे, पण गुरुवारी मीठ घ्यायची नाही. पहिला घास खाऊन दरवेळी म्हणायची, "मीठ बरोबर आहे."

शेवटी एकदा समुद्रावरून परतताना मी विचारलंच. गाडी ती चालवत होती. "सरळ सांग सुनंदा, तुला कुठे जायचंय?"

तिने सिग्नल दिला आणि गाडी नीट कडेला घेतली. "मला कुठे जायचंय? तुम्ही जाल, ही भीती आहे. तुमचं ऑपरेशन चाललं होतं ना, तेव्हा मी पार्किंगमध्ये या गाडीला टेकून रडत होते. घरी जायचं होतं आणि गाडी नेता येत नव्हती. लिन आली तेव्हा घरी पोचले. अहो, तुमच्यामागे मला जगता यायला हवं की नको?"

मला मेल्यात जमा केल्याचा राग आला. पण ती मला सोडून जाणार नाही, हे ऐकून इतकं बरं वाटलं की तो राग घरापर्यंतसुद्धा टिकला नाही. साठीच्या दिवशी ती समुद्रात पिवळ्या बोयापर्यंत पोहून आली. संध्याकाळी साठ दिव्यांनी तिला ओवाळलं. लिन म्हणाली, "स्वीट ॲज!" म्हणजे एकदम झकास.

...आणि झालं काय? अभ्यास तिने केला, पेपर माझ्यापुढे आला.

परवा गुरुवारी मुग्धा आली होती. मी खिचडी केली. एक घास खाऊन ती थांबली.

"बाबा, यात मीठ घातलंय?"

"घातलंय की. आई दर गुरुवारी म्हणायची, मीठ बरोबर आहे."

तिने हातातला घास पानात ठेवला. मग म्हणाली, "आई मला फोनवर हेच सांगायची बाबा, हीप्स वेळा, शंभरदा तरी. हसायची आणि सांगायची. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून तुम्ही चिमूटभरच घालता, तुमच्या जिभेला आता कळत नाही. पण 'मी बोलले तर हे पुन्हा कुकरला हात लावायचे नाहीत,' म्हणायची. तुमची तिला फार काळजी होती."

म्हणजे ती कुजबुज ही होती. मी सीटचा संशय घेतला, टॉग्जचा घेतला, कोबीचाही घेतला. ती दर गुरुवारी माझ्या तोंडावर धडधडीत खोटं बोलत होती, तेवढ्याचा मात्र घेतला नाही.

मुग्धाने मिठाची बरणी आणून टेबलावर ठेवली आणि स्वतःच्या पानात घालून घेतलं. माझ्याकडे सरकवली, तर मी नको म्हटलं. सुनंदा खायची तशीच खिचडी खाल्ली. पहिल्यांदाच मला ती अळणी लागली.