अजून दहा फूट

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि त्या काळी माझ्या दुकानामागच्या खोलीत बसून देशाची काळजी वाहणाऱ्या माझ्या मित्रांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका. परवा घरातला टीव्ही बिघडला. कंपनीला फोन केला, तर एक बाई गोड आवाजात म्हणाली, बंद करून पुन्हा चालू करा. केला. पुन्हा फोन — पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी असा ओरडलो की सून स्वयंपाकघरातून धावत आली. चोर आहेत लेकाचे, गिऱ्हाइकाला माणूस समजत नाहीत! बोललो आणि फोन खाली ठेवला. कारण ही युक्ती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. आणीबाणीच्या दिवसांत साताऱ्यात मी तीच वापरत होतो.

माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून मुंबईचे टीव्हीचे कार्यक्रम दिसायला लागले, तसे मीही दोन-चार संच आणून ठेवले. गच्चीवर उंच पाईप, त्यावर अँटेना, खाली लहरींना जोर देणारा बूस्टर — एवढं केलं की हवा चांगली असेल त्या संध्याकाळी चित्र यायचं. दुकानासमोर रस्ता भरून माणसं उभी राहायची. मला वाटायचं, शहराला टीव्ही मीच दाखवतोय.

सुभेदार त्या गर्दीतलेच. फौजेतून निवृत्त झालेले, वाईच्या बाजूला डोंगराच्या कुशीत त्यांचं गाव. मुलगी मंदा सांगलीला कॉलेजात होती, आणि तिच्या कॉलेजचा संघ टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेसाठी मुंबईला जाणार होता. गावात कुणी टीव्ही पाहिलेला नव्हता. सुभेदार म्हणाले, "आवं शेठ, माजी पोरगी बोलनार हाय. सगळ्या गावानं बगाया पायजे." संच घेतला. बसवायला मी स्वतः गेलो.

गावात उतरलो आणि डोंगर पाहिला. बरोबर सिंहगडाच्या दिशेला, गावाच्या अगदी डोक्यावर. मला तिथंच कळलं. हो, तिथंच — खोटं कशाला बोलू? त्या गावात चित्र येणं शक्य नव्हतं. संच उचलून परत आणायचा, एवढंच माझं काम होतं. मी काय केलं? चहा घेतला, अँटेना इकडेतिकडे फिरवली, आणि म्हणालो, पाईप दहा फूट वाढवा, येईल.

त्यांनी वाढवला. आठवड्यानं सुभेदार दुकानात आले — नुसत्या मुंग्या दिसतात म्हणाले. मी म्हणालो, अजून दहा फूट. त्यांनी घरावरची अँटेना काढून शाळेच्या छपरावर चढवली, पाईपाला पाईप जोडला, वर बांबू बांधला. एक जण वर अँटेना फिरवतोय, एक जण अंगणात उभा, एक जण टीव्हीपुढे — आणि "आलं का?" "न्हाई!" असा पुकारा दिवसभर. हे त्यांनीच मला सांगितलं, हसत. वर चढलेले तेच होते. एका पायात गोळी लागलेली, आणि तो माणूस माझ्या थापेपायी शाळेच्या छपरावर! तिसऱ्यांदा आले तेव्हा ते हसले नाहीत. मी म्हणालो, अजून दहा फूट. ते पायरीपर्यंत गेले, वळले. मग म्हणाले, "डोंगर तुमी बी बगितला व्हता की."

दुसऱ्या दिवशी ते पाटी घेऊन आले. पत्र्याची, काळ्या रंगाची, वर पांढऱ्या रंगात फौजी वळणाचं स्वच्छ अक्षर. माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, पाटी हातात धरून ताठ उभे राहिले. शिवी नाही, आरडाओरड नाही. कुणी थांबलं तर पाटीवरचंच तोंडी सांगायचे. माणसं जमायला लागली. दोन गिऱ्हाइकं पायरीवरून मागं फिरली.

आता मी कोण होतो, तेही ऐका. दुकानामागच्या खोलीत रेडिओचा आवाज बारीक करून परदेशी केंद्राच्या बातम्या ऐकणारा मी. वर्तमानपत्रांचं तोंड बांधलंय, माणसाला बोलायची चोरी झालीय, असं कुजबुजत मुठी आवळणारा मी. मित्र माझ्याकडं मोठ्या आदरानं बघायचे. आणि समोर एक माणूस भर रस्त्यात, भर उजेडात खरं बोलत उभा होता, तर माझं पित्त खवळलं. त्याची हिंमतच कशी झाली? माझ्या दुकानासमोर?

मी चौकीत गेलो. चौकी हाकेच्या अंतरावर होती. हवालदाराला सांगितलं — एक माणूस जमाव गोळा करतोय, सरकारविरुद्ध बोलतोय. बस, एवढंच. माझ्या तोंडून किती सहज निघालं ते! ज्या दडपशाहीला मी खोलीत शिव्या घालत होतो, तिलाच हाताला धरून रस्त्यावर आणलं. त्या दिवसांत पुढचं कुणी विचारत नव्हतं, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच गेलो. सुभेदारांना नेलं. जाताना ते एवढंच म्हणाले, "मानसानं खरं बी बोलायचं न्हाई का आता?" पाटी फुटपाथवर पडली होती. ती मी उचलली आणि काउंटरखाली टाकली.

हल्ली टीव्हीवर स्पर्धा लागली की मी उठून जातो. घरच्यांना वाटतं, म्हाताऱ्याला ती रडारड, त्या टाळ्या सोसत नाहीत. नाहीच सोसत. हरणाऱ्याच्या डोळ्यांत कॅमेरा खुपसतात, निर्लज्ज! पण उठण्याचं कारण ते नाही.

त्यांना नेल्याला दोन दिवस झाले होते. मंदाची स्पर्धा दाखवायचा दिवस उजाडला. संध्याकाळी दुकानासमोर गर्दी झाली, आणि त्या गर्दीतून एक बाई वाट काढत आत आल्या. सुभेदारांची बायको. एसटीनं एकट्याच आल्या होत्या. "आवं दादा, आमचं हे हितं आलं व्हतं का? घराकडं आलंच न्हाईत." काय करायला हवं होतं मी? तोंड उघडायचं होतं. चार घरं सोडून चौकीत नवरा बसलाय, एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो — आले होते परवा, गेले असतील लेकीकडं मुंबईला. वर त्यांना खुर्ची दिली. चहा मागवला. माझ्या मनाचा मोठेपणा गर्दीनं पाहिला.

मंदा छान बोलली. पटापट उत्तरं दिली, तिचा संघ जिंकला. शेवटी सूत्रसंचालकानं विचारलं, घरी कोण बघतंय? ती कॅमेऱ्याकडे बघून हसली. आमच्या वडिलांनी माझ्यासाठी टीव्ही घेतलाय, म्हणाली, आत्ता सगळा गाव आमच्या अंगणात बसला असेल. बाहेर टाळ्या पडल्या. खुर्चीवरच्या बाईंनी पदर तोंडाला लावला. मी बूस्टरची वायर नीट करत राहिलो, तिला काहीही झालेलं नसताना.

चार दिवसांनी सुभेदार सुटले आणि थेट दुकानात आले. मला वाटलं, आता मारतील. मारायला हवं होतं. दाढी वाढलेली, पण उभे तसेच ताठ. म्हणाले, "आमच्या मंडळींना खुर्ची दिलीसा, लय उपकार झालं." त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, तक्रार कुणाची ते. मग म्हणाले, "तिला प्रश्न काय समजलं न्हाईत. तुमी सांगा की, पोरगी कशी बोलली?" आणि मी सांगितलं. एकेक प्रश्न, एकेक उत्तर. ते मान हलवत ऐकत होते. निघताना विचारलं, "माजी पाटी ऱ्हायली का हितं?" ती माझ्या गुडघ्याला टेकलेली होती. मी म्हणालो, पोलिसांनी नेली असेल.

संच मी परत घेतला नाही. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

आणीबाणी उठल्यावर साताऱ्यात सभा झाली. मी बोललो — माणसाच्या तोंडाला कुलूप घालणाऱ्यांना लोक माफ करत नाहीत, असं काहीतरी. हार घातला मला. मी घालून घेतला.

सुभेदार आता नाहीत. दुकानही नाही. पाटी मात्र माझ्याकडे आहे, माळ्यावर, जुन्या चादरीत गुंडाळलेली. एरवी सून झोपल्यावर काढायचो; परवा भर दुपारी, सगळ्यांच्या देखत काढली. कुणाची आहे, कुठून आली, विचारलं सगळ्यांनी. मी सांगितलं नाही. अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं: "या दुकानातला टीव्ही आमच्या गावात दिसत नाही. घेण्याआधी आपल्या गावचा डोंगर बघा."

एवढंच आहे. सरकारचा त्यात एक शब्दही नाही.